नाव लपवा

खोलीत खाटा चार, आणि भिंतीत तारेचं तोंड एकच,
तेही खालिऊनच्या उशाशी.
ऑक्टोबरपासून पाळ्या लावलेल्या :
नऊपर्यंत दुलमाचे निबंध, मग माझी आकडेमोड,
आणि मध्यरात्रीनंतर नेर्गुई,
खालिऊनच्या पायांशी अंग चोरून बसलेली,
पडद्याचा उजेड शालीखाली घेऊन
खडकांचे नकाशे उतरवणारी.

उलानबातरला डिसेंबर लागला
की खिडकीच्या फटीत आम्ही ओली वर्तमानपत्रं कोंबतो,
तरी कोळशाचा धूर आत येतोच, कुणाला न विचारता.
वायफायला मात्र परवानगी लागते.

दुलमानं बाजारातून राउटर आणला.
जुना, दोन शिंगांचा,
एक शिंग चिकटपट्टीनं बांधलेलं.
मेंढी घेताना दात बघतात, मी म्हटलं,
याचं काय बघितलंस?
किंमत, ती म्हणाली.

आतली भाषा कोरियन निघाली.
दुलमाचं कोरियन मालिकांमधलं;
‘मला विसरून जा’ तिला वाचता येतं,
‘गेटवे’ येत नाही.
तरी नेमकं तेच कामाला आलं :
बुडाशी मुंगीच्या बिळाएवढं भोक,
ते टोचून दहा अंक मोजले की राउटर
आधीचं घर विसरतो.
टाचणी सापडेना. खालिऊननं कानातलं काढलं,
तार सरळ केली, श्वास रोखून टोचलं.

दिवा केशरी.
दहा वाजले. केशरीच.

नियमच तसा : एक विद्यार्थी, एक यंत्र,
त्या यंत्राचा एक क्रमांक, विद्यापीठाच्या यादीत.
यादीत नाही त्याला दार नाही.
दुलमा रडकुंडीला आली. मी सूप गरम करायला उठले.

तेव्हा नेर्गुई बोलली,
आठवड्यात तीनदा बोलते, त्यातलं एक :
त्याला माझ्या लॅपटॉपचा क्रमांक द्या.
राउटरनं म्हणायचं, मीच नेर्गुई.

बारा अक्षरं, जोडीजोडीनं. तिनं सांगितली, मी भरली.
यादीवाल्यानं पाहिलं, ओळखलं,
आत घेतलं.
हिरवा!
सूप उतू गेलं ते कुणी पुसलंही नाही.

मग नाव ठेवायची घाई.
खालिऊन म्हणे ‘चार लांडगे’,
दुलमाला नटाचं हवं होतं,
आणि नेर्गुई म्हणाली, ठेवूच नका.
खाली बघा, एक चौकोन असतो : नाव लपवा.

ते का, हे तिनं सूप पिता पिता सांगितलं,
वाटीतच बघत.
माझ्याआधी दोघं झाली. छान नावं होती त्यांची,
एकाचं पोलादावरून, एकीचं फुलावरून.
दोन्ही हिवाळ्यात गेली.
मी झाले तेव्हा वडील म्हणाले, हिला हाक मारता येईल असं काही ठेवू नका,
न्यायला येणारा दारात उभा राहून विचारेल,
तर सांगता येईल, इथं कुणी नाही.
नेर म्हणजे नाव, गुई म्हणजे नाही.
रोज हाक मारताना आम्ही हे ऐकतच होतो की,
फक्त ऐकलं नव्हतं.

मी चौकोनात खूण केली.

रात्री अकराला वॉर्डनबाई फोन उंच धरून फिरतात,
चोरटे राउटर हुंगत.
समोरच्या खोलीतली ‘बुझचा राजवाडा’ सापडली,
टोकाचं ‘भौतिकशास्त्र मेलं’ सापडलं, दंड झाले.
आमच्या दाराशी पावलं थांबली.
खालिऊननं विनाकारण दिवा मालवला.
पावलं गेली.

आता पाळ्या नाहीत.
चौघी आपापल्या पांघरुणात, चार निळे चेहरे,
आणि खरं सांगू, बोलणं कमी झालंय.
खालिऊनच्या पायथ्याची जागा रिकामी असते,
तिला झोप लागत नाही म्हणते.
कानातलं सरळ झालं ते पुन्हा वाकलं नाही.

राउटर मात्र तापतो.
नेर्गुई बाहेरून येते, बर्फाचे हातमोजे
त्याच्या पाठीवर वाळत घालते,
दोन शिंगांना दोन,
आणि मग कुणाशी तरी हळू बोलत बसते.
मी विचारलं नाही कुणाशी.