दोन बोटं

मंगळवारी पिक्रिया, बुधवारी त्सिउरी,
गुरुवारी पुन्हा पिक्रिया.
सोमवारी नाटकगृह बंद. तेव्हा विंगेत
फक्त रिओनी नदीचा आवाज येतो.

राणी एकच. झगाही एकच.
गर्द डाळिंबी मखमल; कुतैसीच्या बाजारात
त्या वर्षी तेवढीच मिळाली, एकीला पुरेल इतकी.
म्हणून खेळ संपला की मी कंबर उसवते,
दुपारी दोन बोटं आत घेते
नाहीतर दोन बोटं सैल सोडते.
आज कोणाचा दिवस ते माझ्या सुईला विचारा.

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणे.
मखमलीला कुणी विचारलं नाही.

पिक्रिया सिंहासनाला हात लावते, मग थांबते.
त्सिउरी आधी थांबते, आणि हात लावतच नाही.
वाक्य तेच : दिवे राहू द्या, अंधारात तो वाट चुकतो.
एकीच्या तोंडी तो केव्हाचाच मेलेला असतो,
दुसरीच्या तोंडी नुसता
जेवायला उशिरा येणारा.

अकरा वर्षं दोघी बोलत नाहीत.
कारण मला माहीत आहे, पण सांगणार नाही.
झग्याला आतून एक खिसा आहे,
नाटकात त्याचं काही काम नाही.
बुधवारी त्यात खोकल्याची एक गोळी सापडते
(तिसऱ्या अंकात धूर फार),
गुरुवारी तिच्याच कागदाची घडी घातलेली होडी.
मी खिसा कधी रिकामा करत नाही.

नोव्हेंबरातला मंगळवार. दुसऱ्या अंकात
पिक्रियाचा आवाज गेला, दोरा तुटावा तसा.
पडदा पडला. आणि बाल्कनीतून,
शेवटच्या रांगेतून, कोट काढत
खाली उतरली त्सिउरी.
सुट्टीच्या दिवशी ती तिथे काय करत होती
हे विचारायला वेळ नव्हता.

सात मिनिटं. कात्री हाताशी नव्हती,
मी टाके दातांनी उसवले.
मखमल अजून गरम होती.
ती तशीच, गरमच, तिच्या अंगावर चढली.
पिक्रियाने पाठीचे आकडे लावले,
एकही शब्द न बोलता. बोलायला आवाजच कुठे होता!

पडदा वर गेला.
त्सिउरी सिंहासनापाशी आली,
तिने हात लावला.
मग थांबली.

विंगेत माझ्या शेजारी कुणीतरी
श्वास घ्यायचं विसरलं.

घरी पोचले तेव्हा आरशात दिसलं,
ओठाला डाळिंबी दोरा
अजून चिकटलेला.