सत्तावन्नची जागा

पायपुस सरोवर थिजलं की
लाश्किनांच्या घरी माळ्यावरून जाळी उतरायची.
बाप उजव्या हाताचा, आत्या डावखुरी.
एकाच जाळ्याला दोघं दोन टोकांनी लागायची
आणि मधोमध गाठ पडली की भांडायची.

फेव्रोनिया नऊ वर्षांची. कंदिलाशी बसून म्हणाली,
बाबा, आत्याची गाठ तुमच्यासारखी नाही.
आरशातली आहे. कितीही फिरवा, तुमची होत नाही.
बाप म्हणाला, गाठ ती गाठ.
मासा विचारतो का, कुठल्या हाताची?

मासा विचारत नव्हता.
ती विचारत राहिली, पुढची एकसष्ट वर्षं.

गाव जुन्या पंथाचं. दोन बोटांनी क्रूस करणारं,
दारोदार कांद्याच्या वेण्या टांगणारं.
आत्याच्या हातात कातडी जपमाळ, लेस्तोव्का,
जिला सुटं टोक नाही.
तिथंच तिला सुचलं म्हणे:
टोकं मोकळी असतील तर कुठलीही गाठ सुटते,
प्रश्न फक्त तुमच्या चिकाटीचा.
टोकं जोडून टाका.
मग कळेल, गाठ कुठली आणि नुसता गुंता कुठला.

तार्तूला ती कांद्याच्या गाडीवर बसून आली.
पहिल्या तासाला प्राध्यापकांनी खिडकी उघडली,
नाकाला रुमाल लावला.
ती पहिल्या बाकावरून हलली नाही.

चौऱ्याऐंशी गाठींचा तक्ता
तिनं कांद्याच्या हिशेबवहीच्या पाठकोऱ्या पानांवर काढला.
युद्धात सैन्यं आली, गेली, पुन्हा दुसरी आली.
वही काकडीच्या लोणच्याच्या पिंपात होती, मेणकापडात.
अजून उघडली की शेपूचा वास येतो.

मी तिचा सातवा विद्यार्थी. सगळ्यांत भित्रा.

एका मार्चमध्ये माझ्या लक्षात आलं
की एक्केचाळीस आणि सत्तावन्न
या दोन गाठी नाहीतच. एकच आहे.
तिनं तीस वर्षं वेगळी मानलेली,
आणि त्या वेगळेपणावर चार जणांनी डॉक्टरेट मिळवलेली.

तीन आठवडे मी मूग गिळले.
मग एका संध्याकाळी तिच्या टेबलावर कागद ठेवला
आणि जिन्यावरून जवळजवळ पळालो.

ती काही बोलली नाही म्हणतात.
वाकली, बुटाची नाडी काढली.
रात्रभर तिचा दिवा जळत होता,
मी समोरच्या फुटपाथवर, बर्फाच्या चिखलात.

सकाळी दार उघडलं.
एक बूट बांधलेला, एक उघडा.
"हेइनो, तुझं बरोबर आहे. चोवीस वळणं लागली.
कुठंच कापावं लागलं नाही."
मग आत बोलावून कांदा चिरला,
पाव, मीठ, काळा चहा.
डोळ्यांत पाणी होतं खरं,
पण कांद्यामुळं विचारायची सोय नव्हती.

पुढचे आकडे एकेक मागं सरकवू का, मी विचारलं.
नको, म्हणाली.
सत्तावन्नची जागा रिकामी ठेव.
मी तिथं पुष्कळ वर्षं राहिले आहे.

आता पेशींतले धागे उलगडणारी मुलं
तिचाच तक्ता वापरतात. लिमात, क्योटोत, आक्रात.
धागा कुठं तुटतो, कुठं परत जुळतो
ते तिच्या आकड्यांनी सांगतात.
तिचं नाव एकालाही धड उच्चारता येत नाही.
पण छप्पन्न झालं की सगळी
न अडखळता अठ्ठावन्नवर जातात,
जशी घरातली माणसं अंधारात उंबरा ओलांडतात.

पुरताना तिच्या डाव्या हातात लेस्तोव्का दिली. आत्याची.
पुजारी म्हणाला, उजव्यात हवी.
गावातलं कुणी उठलं नाही.

मी एकाहत्तरचा आहे. गुडघे कुरकुरतात.
विद्यापीठाचा जिना मोजत चढतो,
आणि जीभ छप्पन्ननंतर आपोआप उडी मारते.
वर पोचतो तेव्हा
एक पायरी जास्त भरते.
तिच्यावर कोण उभं आहे,
एका पायातला बूट उघडा ठेवून,
ते मी वळून बघत नाही.