काळ बदलावा

मर्यादा आठ हजार शब्दांची.
माझे झाले होते नऊ हजार चारशे बारा.
आधी कुत्रा काढला,
मग मैनिरबाईंच्या पिशवीतून डोकावणारी कांद्याची पात,
मग चढ आला की एम्लिनचं
स्टिअरिंग थोपटत बसला वेल्शमध्ये समजावणं.
संशोधनपद्धतीला यातलं काहीच लागत नव्हतं.

बस मंगळवारी जाते, असं लिहिलं होतं मी.
फक्त मंगळवारी.
नऊ दहाला निघते, अकरा थांबे घेते,
त्यातले सहा कुठल्याच पाटीवर नाहीत.
उतारू जास्तीत जास्त सात.
एकदा एक कोकरू, तेही वगळलं.

मग नावं.
गाव झालं 'गाव क'.
मैनिर प्रॉसर, वय एक्क्याऐंशी, झाल्या 'सहभागी ४'.
संमतीपत्रावर सही करताना त्या म्हणाल्या होत्या,
नाव माझंच घाल हं, आणि स्पेलिंग नीट,
आय दोनदा येतो त्यात.
मी हो म्हटलं नाही, नाहीसुद्धा म्हटलं नाही,
त्यांनी पुढे केलेला केक खाल्ला.
'हितसंबंध' या रकान्यात लिहिलं: नाहीत.

शेवटी स्वतःला काढलं.
ऋणनिर्देश पुसला,
फाइलच्या पोटात लपलेलं माझं नाव शोधून पुसलं,
'माझ्या आधीच्या लेखात'चं केलं 'एका अभ्यासकाच्या मते'.
दोन्हीकडून डोळे बांधलेली आंधळी कोशिंबीर ही.
ते मला चाचपणार, मी त्यांना,
आणि मधे इंजिन चालू ठेवून उभी
मंगळवारची बस.

रात्री पावणेबाराला, ॲबरिस्टविथच्या खोलीत,
बटण दाबलं.
समुद्रानं रस्त्यावर मूठभर गोटे भिरकावले.
संगणकानं आभार मानून एक क्रमांक दिला.

पाच महिने: परीक्षकांच्या शोधात.
चार महिने: परीक्षण सुरू आहे.
एकदा नुसतीच तारीख बदलली,
मी दिवसभर तीच बघत बसले.

मार्चमध्ये बस बंद झाली.
कौन्सिलनं खांबाला प्लास्टिकच्या पिशवीत कागद बांधला,
दोन भाषांत, दोन्हींत दिलगीर.
एम्लिन आता सुपरमार्केटची व्हॅन चालवतो.
मैनिरबाईंचा फोन आला: आला का गं तुझा लेख?
कौन्सिलवाल्यांना दाखवला असता.
म्हटलं, परीक्षकांकडे आहे.
कोण ते?
मंगळवारी कधी दिसले नाहीत.

एप्रिलच्या शेवटी पत्र.
पहिल्या परीक्षकाला लेख आवडला,
सुचवलेले चारही संदर्भ एकाच माणसाचे.
दुसऱ्याच्या सहाच ओळी.
नमुना लहान. नवं काय ते स्पष्ट नाही.
आकृती दोन अनावश्यक.
आणि तळाशी:
'माझ्या माहितीप्रमाणे ही बस आता बंद आहे.
सर्वत्र काळ बदलावा.'

माझ्या माहितीप्रमाणे!
पण मी तर गाव पुसलं होतं, दरी पुसली होती,
बसचा नंबरसुद्धा.
कोण तू?
कुठल्या फाटकाशी उभा होतास, की होतीस,
शाळेचं दप्तर घेऊन?
तिथे कुणी आहे का अजून तुझं,
की त्यांचाही काळ बदलावा लागला?
पट्टीआडून एक हात माझ्या हाताला लागला
आणि निसटला.

इंग्रजीत सोपं असतं ते.
शोधा, बदला, एकशे चार जागा, अर्धा मिनिट.
मी मात्र एकेका जागी थांबत गेले,
मनातल्या मनात मराठीत म्हणत:
निघते. निघायची.
वळते. वळायची.
त्या 'यची'मध्ये किती जण बसतात,
सातांहून कितीतरी जास्त.

सोबतच्या पत्रात लिहिलं,
मान्यवर परीक्षकांची सूचना मान्य,
काळ सर्वत्र बदलला आहे,
पान अकरावरची एक ओळ सोडून.
ती अवतरणात आहे, माझी नाही,
तिला हात लावता येत नाही.

सहभागी ४:
'फाटकाशी छत्री दिसली की थांबते ती.'