समासातली पेन्सिल

हीटर साडेसातलाच बंद केलाय आन्सेल्मनं,
त्याची घरघर खालच्या सुरांत मिसळते म्हणून.
आम्ही आल्टो काळ्या झग्याखाली
लोकरीचे दोन दोन मोजे चढवून उभ्या,
शाळेतून आणलेल्या डुगडुगत्या बाकांवर.

नोव्हेंबर. पिकार्दी. बाहेर बिटाचे ट्रक.
साखर कारखाना या दिवसांत रात्रभर चालतो,
मेलेल्यांसाठी थांबत नाही.

चर्चच्या भिंतीवर संगमरवरात एक्केचाळीस नावं,
त्यांतली सहा एकाच आडनावाची.
ते आडनाव मागच्या रांगेत
अजून टेनर गातं.

माझ्या हातात आज सोलांजची स्वरलिपीची वही.
घर रिकामं करताना तिच्या मुलीनं दिली,
'तुम्हालाच उपयोगी पडेल.'
सव्वीस वर्षं ती माझ्या डाव्या खांद्याशी गायली.
तिच्या हनुवटीकडे बघून मी सुरुवात पकडायची.
हे तिला ठाऊक नव्हतं,
असं मला वाटायचं.

पानोपानी तिची पेन्सिल:
श्वास. श्वास. वर बघ.
इथे बसूनकडे कान.
एका कोपऱ्यात लोणी, बल्ब, गुरुवारी दातांचा डॉक्टर.

चेलो सुरू होतात. बास्त्यां हात असा उचलतो
जणू साय न मोडता काढतोय.
लॅटिन आमच्यात कुणालाच धड येत नाही,
पाद्रीबुवांनाही बेताचंच.
तरी 'विश्रांती' हा शब्द आला की
तिसऱ्या बाकावरची म्हातारी ओठ हलवते.

मग ते पान,
जिथे व्हायोलिनं थांबतात आणि फक्त आम्ही उरतो.
समासात बारीक, नीटस अक्षर:
ओडील इथे घाई करते. तिला सांगायचं नाही.
आपण थांबायचं, म्हणजे तीही थांबते.

सव्वीस वर्षं.
आणि मी समजत होते, लय माझी आहे.

हसू येतं. गाताना हसलं की सूर वर सरकतो,
बास्त्यांची भुवईही.
ओळीचा शेवट येतो,
मी नेहमीची उडी घेणार
तोच डावीकडची थंड, हातभर रिकामी जागा
थांबते.

मीही.

बाहेर एक ट्रक गिअर बदलत जातो.
काचेतले संत किंचित थरथरतात,
टिंपनीवाला जागं झालेलं कातडं
तळव्यानं गप्प करतो.

उजवीकडे नवी मुलगी आहे, क्लेमांस.
माझ्या हनुवटीकडे बघून
ती पुढचा सूर उचलते. अर्धी मात्रा लवकर.

पेन्सिल मात्र मी घरीच विसरलेय.