शेपूट

कॅम्पातल्या मुनाफ बेपारींच्या दुकानात
बकरं सोललं तरी शेपूट ठेवतात,
टोकाला काळ्या केसांचा झुबका.
गिऱ्हाईक वर बघतं, मान हलवतं, मग वजन.
मेंढरू नव्हे, बकरंच, याचा एवढाच दाखला.

मी कॉलेजात वाणिज्य शिकवते.
तिसऱ्या सत्राला एक प्रकरण आहे :
आयात, शुल्क, अन्नाची मानकं. पाच मार्कांना हमखास.
'मानक म्हणजे न दिसणारी जकात'
असं मी फळ्यावर लिहिते
आणि पोरं अधोरेखित करतात, पट्टी लावून.

आज माझ्या पुढं एकच जण, खडेबाजारातला हॉटेलवाला.
चाचा सुरा घासत विचारतात,
"बाई, पेपरात काय लिहूलालेत?
समुद्रापलीकडची मेंढरं येणार म्हणं?"
मी सांगते, बोलणी चाललीत.
लांब टेबल, दोन्ही बाजूंना पाण्याच्या बाटल्या,
कुणी शुल्क उतरवतं, कुणी औषधाचा अंश मोजतं,
उणे अठरा अंश, कापल्याची तारीख, पशुवैद्याची सही,
एका स्वल्पविरामावर तीन दिवस अडलेत.
"आणि शेपूट?"
ते कलमात नाही, चाचा.

हॉटेलवाला हसतो. त्याला दर कळलाय.

आमचं तरी काय.
ओंडका मधोमध खोल गेलेला,
त्यावरची माशी त्या टेबलावर पहिल्याच मिनिटाला नापास.
हे बकरं गुरुवारी चंदगडकडून आलं,
शिनोळीला हद्द ओलांडली,
तिकडं मराठीत ओरडलं, इकडं कन्नडात जांभळा शिक्का बसला.
तू कुठलं, असं कुणी विचारलं नाही त्याला,
माणसांना जन्मभर तेच विचारणाऱ्या या मुलखात.

चाचांचा धाकटा, जुबेर, वास्कोला शीतगृहात लागलाय.
काल त्यानं फोटो पाठवला :
छतापर्यंत खोके, एकसारखे, पांढरे,
मधे हा, कानटोपीत, हातमोज्यांत, तोंडातून वाफ.
"पगार वेळेवर हाय," चाचा म्हणतात.
फडक्याला हात पुसतात, दोनदा,
मग दोन बोटांनी फोटो ताणतात
खोक्यापर्यंत, लेबलापर्यंत,
नुसते ठिपके होईपर्यंत.

काय शोधतात ते मी विचारत नाही.
अर्धा किलो म्हणते. खांद्याचं.
ते फोन ठेवतात, वर आकड्याकडं बघतात
आणि थांबतात,
मी मान हलवायची म्हणून.