अकरा नंबर

तापीच्या अलीकडच्या काठाला, शिरपूरचे दिवे दिसतात तिथे,
अकरा नंबरची पाईल सकाळी उभी केली.
नोंदवही माझ्याकडे.
दर पाव मीटरला घाव किती, एवढंच लिहायचं.

पहिले रकाने रिकामेच म्हणा.
गाळ इतका मऊ
की खांब आपल्याच वजनाने पुरुषभर आत गेला,
आणि नशीर तडवीने घण उचलून सोडला
तर नुसता धप्प.
धूर नाही, उसळी नाही.
पुन्हा उचलला. पुन्हा धप्प.
“आग धरेना!” केबिनमधून ओरडला.
इथे येईपर्यंत मला ठाऊक नव्हतं,
डिझेलचा घण
खालून कुणी अडवल्याशिवाय पेटत नाही.

सहाव्या मीटरला पिवळी माती लागली.
फाट्!
टोपीखालच्या लाकडातून धूर,
अडीच टनांचं लोखंड आपल्याच ठिणगीने वर उडालं,
खाली आलं, पुन्हा उडालं,
आता त्याला कुणी उचलायला नको.
माठातल्या पाण्यावर गोल गोल वळ्या.
बांधापलीकडे केळीच्या पानांवरची धूळ
घावागणिक थोडी थोडी खाली.
चौदा. सतरा. सतरा. बावीस.

ठगूबाई शेळ्या घेऊन आली,
कानात पदराचे बोळे.
“कितलं खाल गयं वं माय?”
अकरा मीटर, म्हटलं, मग बोटांनी दाखवलं.
ती बसली, तळवा भुईला लावला,
लेकराचा ताप बघावा तसा.
“भुईले इचारं का तुम्ही?”
मी हसले.
नंतर वाटलं, सकाळपासून दुसरं काय करतोय?
एकच प्रश्न,
मिनिटाला पंचेचाळीस वेळा.

अडीच वाजता उखर्डूला हाक मारली.
आधीची तिघं गेली म्हणून
आईने जन्मल्या दिवशीच उकिरड्यावर ठेवून
परत उचललेला उखर्डू;
मरणाला वाटावं, टाकाऊ माल आहे.
त्याचं काम दुसरं कुणी मागत नाही.
खांबाला चिकटवलेला आलेखाचा कागद,
समोर आडवी फळी,
फळीवर मनगट, मनगटात पेन्सिल,
आणि डोक्यावर घण चालू असताना
हात न हलवता हात सरकवत न्यायचा.
खांब खाली जातो, किंचित परत येतो.
कागदावर पायरी.
दहा घाव, दहा पायऱ्या.
पहिल्या कागदावर मिळून चार बोटं.
दुसऱ्यावर दोन.
तिसऱ्यावर नखाएवढं, आणि परत येणंच जास्त.

पुस्तकात याला नकार म्हणतात.
खांबाचा की भुईचा, ते लिहिलेलं नाही.
मी तारीख टाकली, सही केली.
उखर्डूच्या अंगठ्याचा काळा ठसा कागदावर तसाच राहिला,
तो खोडायला रकाना नव्हता.

नशीरने डिझेल तोडलं.
शांतता कानात दुखली.
सावलीला बसून उखर्डूने कळण्याची भाकरी सोडली.
मी विचारलं, “भीती नाही वाटत?”
त्याचा डावा कान केव्हाच गेलाय.
“मेथी? शे ना. ले,” म्हणत
त्याने फडकं माझ्याकडे सरकवलं.
मी घेतली. तिखट होती.

साडेतीनला बारा नंबर क्रेनला लागली.
ठगूबाईच्या शेळ्यांनी माना वर केल्या,
वाट पाहिली.
गाळ.
धप्प.