पाच तारा

कॅसेटच्या लेबलवर तारीख आहे, निळ्या शाईत, ठसठशीत:
बारा ऑगस्ट शहाऐंशी.
खोटी नाही ती, फक्त दुसऱ्याच कशाची तरी आहे.
त्या दिवशी कुणीतरी ही प्रत काढली,
चहा प्यायला, घरी गेला.

वाजवणं त्याच्या फार आधीचं.
वरळीच्या मनोऱ्याखाली तेव्हा टेप महाग,
पाटीसारखी पुसायची, पुन्हा लिहायची.
ही उरली ती चुकून.
भातावरच्या करप्याचा कार्यक्रम दोन मिनिटं लवकर संपला,
निवेदकाचा नमस्कार विरला, पडद्यावर मुंग्या आल्या,
आणि मुंग्यांतून, भलत्याच कडव्यावर,
एक माणूस गिटार वाजवताना.
नाव करप्याखाली गेलेलं.

दोन मिनिटं अकरा सेकंद.
किती वेळा पाहिली ते सांगत नाही,
घरात आधीच बोलतात.
रंग नाही, म्हणजे ब्याऐंशीच्या अलीकडे येत नाही,
हे शेंबडं पोरही सांगेल.
कोटाची बाही तळव्यावर लोंबते: कोट उसना.
दंडावर काळी फीत, टाके मोठे मोठे, पुरुषाच्या हातचे.
आणि गिटारीला तारा पाच.
हे मला चाळिसाव्या वेळी दिसलं.
खालून दुसरी नाही. खुंटी रिकामी.
बोट सवयीनं तिथे जातं
आणि जिना संपल्यावरही एक पायरी धरावी
तसं हवेत पडतं.

माझगावला, माथारपाखाडीत,
रेजिनाबाईंनी आधी कोट ओळखला.
"हा आमच्या जुझेचा," म्हणाल्या,
मग जरा वेळानं, "आत पास्कोल आहे."
गोदीत फिटर. नखांत कायम ग्रीस.
टीव्हीवर जायचं म्हणून रॉकेलनं हात धुतले,
तर पावडर लावणारीनं नाकाला रुमाल लावला.

बिस्किटांच्या डब्यातून पावती निघाली,
धोबीतलावचं दुकान, "तार, नग एक,"
चौदा मार्च पंच्याहत्तर.
म्हणजे त्याच्या आधी.
फीत आईसाठी. तिला दोन मार्चला पुरलं, रविवारी.
म्हणजे त्याच्यानंतर.
रेकॉर्डिंग गुरुवारचं, हे त्यांना पक्कं ठाऊक,
हाफ डेचा अर्ज त्यांनीच लिहिला होता.
मी बोटांवर मोजलं.
सहा किंवा तेरा.
एवढ्या वर्षांत कुठल्याच तारखेच्या
मी इतका जवळ गेलो नव्हतो.

"लागलं त्या रात्री कसं वाटलं?" मी विचारलं.
"सेट शेजाऱ्यांकडे. पास्कोलला लाज वाटली,
दार लावून बसला, मलाही जाऊ दिलं नाही.
भिंतीतून ऐकलं आम्ही."
तेव्हा माझ्या लक्षात आलं
की या बाई नवऱ्याला टीव्हीवर
आज, आत्ता, माझ्या लॅपटॉपवर, पहिल्यांदा बघताहेत.
मी तारखेबद्दल गप्प बसलो.
त्या पडद्याच्या कोपऱ्यात बोट ठेवून म्हणाल्या,
"उपासाचे दिवस, नाचाचं वाजवायचं नाही,
म्हणून एवढं सावकाश. पण पाय बघ त्याचा."
पाय खरंच ऐकत नव्हता.

शेवटी मी वही काढली, पेन्सिलीनं तेरा लिहिलं.
"सहा लिही," त्या म्हणाल्या.
"आई जाऊन चार दिवस. तार आणायला कोण जातंय?"
"पण बाई, शेवटी तो हसतो.
चार दिवसांत कुणी असं हसेल?"
"हसतो कुठे? दिवा डोळ्यात गेलाय त्याच्या."

मी थांबवून पाहिलं, मागे नेऊन पाहिलं.
हसू. दिवा. हसू.
सहा आणि तेरा, दोन्हींवर खोडरबर फिरवून
कागद तिथे पातळ झालाय.

"परत लाव," त्या म्हणाल्या,
खुर्ची जवळ ओढत,
"मुंग्यांपासून."